लीदमास्तरांचं पाणी

लीदमास्तर माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या घोड्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. समोरचा बिचारा हात जोडून ताटकळत असायचा आणि हे खाली वाकून लिदीचा एक गोळा उचलायचे, दोन्ही अंगठ्यांनी फोडायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पेटीतला आंबा हुंगावा तसे. मग हात पायजम्याला पुसत वळायचे आणि विचारायचे, "परवा गवत बदललं काय तुमी?" बहुतेक वेळा बदललेलं असायचं. समोरच्याने नाही म्हटलं तर ते वाद घालत नसत. नुसतं "बरं" म्हणायचे, आणि तो माणूस खोटं बोलतोय हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळायचं.

ते कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. त्यांचं खरं नाव शिरगावात फार कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही ते दवाखान्याच्या कागदावर शेवटी शेवटी वाचायला मिळालं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईत शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दारी केली होती. घोड्याचं खाणंपिणं, खरारा, आजारपण, सगळं मोतद्दाराच्या अंगावर असतं. म्हातारपणी गावी परतले आणि किनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनामागे त्यांनी पत्र्याचा तबेला बांधला. त्यात दोनच जनावरं होती. एक बाळ्या, रविवारी पोराटोरांना वाळूतून फिरवणारा म्हातारा तट्टू. दुसरी ताई. ही पांढरी घोडी शर्यतीतून बाद झालेली. तिथे तिचं नाव म्हणे लांबलचक इंग्रजी होतं. मास्तरांनी ते पहिल्याच दिवशी टाकून दिलं आणि तिला ताई म्हणायला लागले. लग्नसराईत ताई बोईसरला नवरदेव मिरवायची, एरवी मास्तरांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी असायची. त्यांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरी कोण कोण असतं असं कुणी विचारलं तर ते सरळ सांगायचे, "मी आन ताई."

मी त्याच गावची. आमची नारळ-चिकूची वाडी मास्तरांच्या तबेल्यापासून हाकेच्या अंतरावर. जनावरांची डॉक्टर होऊन मी परत आले आणि पालघरला दवाखाना टाकला, तेव्हा माझ्या डोक्यात बरीच हवा होती. पहिल्याच आठवड्यात मास्तर वाटेत भेटले. "डॉक्टर झालीस ना बाय? मंग हे धर," म्हणाले आणि त्यांनी माझ्या तळहातावर लिदीचा गरम गोळा ठेवला. "कसला वास येते?"

"लिदीचा," मी म्हणाले.

"तो येनारच. अजून?"

मी पुन्हा हुंगलं, पुन्हा लीदच. त्यांनी मान डोलावली. "आंबूस येते. त्या बाबाने चंदी जास्त घातलीय. पायावर जाईल आता ते जनावर." चंदी म्हणजे घोड्याला घालतात ते भिजवलेले चणे. तो घोडा केळव्याच्या एका माणसाचा होता आणि चौथ्या दिवशी तो खरोखरच पायांवर गेला, खूर तापले, उभं राहवेना. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला मास्तरांचा राग आला, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं पुस्तकं घोकून मी जे शिकले ते हा माणूस नाकाने करत होता.

पोटाबद्दल त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. घोड्याच्या पोटात एक गाव वसलेलं आहे, असं ते सांगत. "आपन घोड्याला खायला घालत नाय. त्या गावाला घालतो. गाव खाऊनपिऊन सुखी असंल तर घोडा पळंल." माझ्या पुस्तकात हेच वेगळ्या भाषेत होतं. घोड्याला ओकता येत नाही, आत गेलं ते पुढेच जाणार, आणि गवत पचवायचं काम त्याच्या मोठ्या आतड्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. खाणं एकदम बदललं की त्यातले कामाचे जीव मरतात आणि भलतेच माजतात. म्हणून मास्तर नवं गवत आलं की पंधरा दिवस ते जुन्यात मिसळत राहायचे, आज मूठभर, उद्या दोन मुठी. गवताचा गठ्ठा वाड्याकडचा की मनोरकडचा हे त्यांना विचारावं लागत नसे.

बोईसरच्या लग्नांत त्यांची खरी परीक्षा व्हायची. कारखान्यातल्या कामगारांची लग्नं, देशभरची माणसं, आणि प्रत्येकाला घोडीच्या तोंडात काहीतरी गोड घालायचं असतं. मास्तर लगाम धरून ताईच्या तोंडापुढे ठाण मांडत. एकदा अशा एका लग्नाला मी होते. वरमाई लाडवांचं ताट घेऊन आली, तर हे हात जोडून म्हणाले, "माताजी, इसका उपवास है. मेरे को दे दो." आणि एकामागून एक चार लाडू त्यांनी तिथेच उभ्याने संपवले. पाचव्याला त्यांना ठसका लागला. वरात खोळंबली, बँडवाले हसून बेजार झाले आणि ताई शांतपणे आपली शेपटी हलवत राहिली. त्यानंतर दोन दिवस मास्तरांचंच पोट बिघडलं होतं.

आता त्या पाण्याबद्दल. एखाद्या घोड्याचं पोट फार दिवस बिघडलेलं असलं, लीद पातळ पडत असली आणि जनावर सुकत चाललं असलं, की लोक ते मास्तरांकडे आणत. वाणगावहून, डहाणूहून, एकदा तर विरारहूनही आणलेलं मी पाहिलंय. मास्तर सकाळी बाळ्याची ताजी लीद घेत. बाळ्याचं पोट जन्मात बिघडलं नव्हतं. कोमट पाण्यात ती कालवायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि ते हिरवट पाणी नळीने आजारी जनावराला पाजायचं. पाच-सात दिवस. "त्याच्या गावातली मानसं मेलीत. आपन आपल्या गावची नेऊन वसवायची," ते म्हणायचे. पुष्कळ जनावरं बरी व्हायची. काही व्हायची नाहीत, आणि तेही ते लपवत नसत. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा नाक मुरडून निघून आले होते.

पुढे लिदीच्या तपासणीचं खूळ आलं. मोठ्या शहरातली एक प्रयोगशाळा घोड्याची चिमूटभर लीद घेऊन तिच्यात कुठले जीव किती आहेत ते सांगते, असं मला कळलं. छोटी नळी, तिच्यात औषधी पाणी, चमचा, हातमोजे, सगळं एका खोक्यात. लीद भरायची आणि कुरिअरने पाठवायची. मी अशी पाच खोकी मागवली. मास्तरांना दाखवायला गेले तर ते चमचा हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले. "म्हंजे गावची शिरगनती करतात," ते म्हणाले आणि मनापासून खूश झाले. त्या दिवशी त्यांना माझ्याबद्दल जो अभिमान वाटला तो मला नंतर फार महाग पडला.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी ताईच्या खुरात खिळा गेला. जखम चिघळली, पाय सुजला. मी जिवाणू मारायचं औषध टोचलं, सात दिवस. तेच करायला हवं होतं, आजही मी तेच करीन. पाय बरा झाला. पण त्या औषधाने पोटातले चांगले जीवही मारले असणार, कारण आठव्या दिवसापासून ताईची लीद पातळ पडायला लागली आणि थांबेना. मास्तर दवाखान्यात आले. "बाय, उद्यापासून पानी चालू करतो," म्हणाले.

मी नको म्हणाले.

मी त्यांना नीट समजावलं, म्हणजे मला तेव्हा ते नीट वाटलं होतं. ताईची लीद तपासायला पाठवू, त्याचा निकाल येऊ दे, मग त्याप्रमाणे उपाय करू आणि पुन्हा लीद पाठवू. मध्येच पाणी पाजलंत तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. हे सगळं खरंच होतं. पण त्याच्यामागे आणखी एक होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांची सभा होणार होती, तिथे मला ताईचा दाखला मांडायचा होता. आधीची लीद, नंतरची लीद, मध्ये माझा उपाय. त्यात बाळ्याच्या लिदीचं पाणी कुठेच बसत नव्हतं.

मास्तर म्हणाले, "तू शिकलीस. तू म्हनशील तसं."

निकाल लवकर येईल असं सांगितलं होतं. पहिलं खोकं कुरिअरवाल्याकडेच कुठेतरी पडून राहिलं आणि खराब झालं. मी दुसरं पाठवलं. दोन आठवडे गेले, तिसरा लागला. मी सलाईन लावत होते, क्षार देत होते, गवत बदलून पाहत होते. मास्तर रोज दुपारी फोन करायचे. "आलं काय?" एवढंच विचारायचे. नाही म्हटलं की फोन ठेवायचे. ताईच्या फासळ्या मोजता यायला लागल्या. मी एकदा गेले तेव्हा बाळ्या शेजारी रवंथ केल्यासारखा आरामात गवत चघळत होता, त्याच्या मागे ताज्या लिदीचा ढीग पडला होता आणि मास्तर त्या ढिगाकडे बघत बसले होते. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी मान वळवली आणि मला बसायला गोणपाट दिलं. पाणी पाजू का असं त्यांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. शब्द दिला होता ना. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, याचा मी खूप विचार केलाय. बहुतेक नकोच म्हणाले असते.

एका दुपारी ताई बसली ती उठली नाही. मी पोचले तेव्हा तिचं डोकं मास्तरांच्या मांडीवर होतं आणि ते तिच्या कपाळावरची माशी वारत होते. तासाभरात ती गेली. बनाच्या कडेला खड्डा खणायला जेसीबी आणावं लागलं. मास्तरांनी तिच्या तोंडावर स्वतःचा टॉवेल टाकला, मातीचे खडे डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून.

निकाल त्यानंतर चौथ्या दिवशी आला. रंगीत चकत्यांचे आलेख, जिवांची लॅटिन नावं, कुठले कमी, कुठले जास्त. शेवटच्या पानावर सल्ला होता. आतड्यातले उपयोगी जीव जवळजवळ नाहीसे झाले आहेत, निरोगी घोड्याची ताजी लीद कोमट पाण्यात कालवून, गाळून, नळीने पाजावी.

मी ते पान दवाखान्यात उभ्याउभ्याच तीन-चारदा वाचलं. मग संध्याकाळी कागद घेऊन शिरगावला गेले, कारण मास्तरांना वाचून दाखवते असं मी कबूल केलं होतं. ते बाळ्याला खरारा करत होते. खरारा खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काय लिवलंय?"

"उपाय नव्हता मास्तर," मी म्हणाले. "काही केलं असतं तरी ती वाचली नसती."

"पान्यानंबी?"

"पाण्यानेही नाही."

ते खाली बसले. "मंग बरं," म्हणाले. "मला वाटत होतं, आपन उगा थांबलो." आणि रडले. मीही रडले. त्यांना दुःख नको म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला घरी जाताना सांगितलं. तसं नव्हतं. मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, एवढंच होतं ते.

खोटं तिथेच संपलं असतं तर मी ते पचवलंही असतं. पण मास्तर माझ्या शब्दावर चालणारे. पुढच्या उन्हाळ्यात वाणगावचा काशिनाथ आपली शेळी घेऊन दवाखान्यात आला. याच्याकडे लग्नाची घोडी होती, तरणी, ताईनंतर बोईसरची सगळी लग्नं तिच्याकडे गेलेली. घोडी कशी आहे म्हणून मी विचारलं.

"मेली," तो म्हणाला. "पोट सुटलेलं. टेम्पोत घालून मास्तरच्या दारात नेली. त्यानं पानी पाजलं नाय. म्हनतो, त्याचा उपेग नाय, डॉक्टरबायनं तपासून बघितलंय. म्हातारा झाला तो. हातपन लावला नाय जनावराला."

माझ्या हातात शेळीला टोचायची सुई तशीच राहिली. काशिनाथ गेल्यावर मी दवाखाना बंद केला आणि थेट शिरगाव गाठलं. मास्तर सुरूच्या सावलीत बाजेवर पडले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. सभेचं, शेवटच्या पानाचं, सगळं. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

मास्तर उठून बसले. "ताई वाचली असती?" त्यांनी विचारलं.

"कदाचित."

"आन काशिनाथची?"

"कदाचित."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. ते आत गेले, सदरा घालून बाहेर आले आणि म्हणाले, "चल. काशिनाथकडं जायचंय."

वाणगावला काशिनाथच्या दारात खुंटा होता, त्याला दोर तसाच बांधलेला. मास्तर कुणाच्या दारात जाऊन लीद न उचलता बोलायला लागले, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी काशिनाथचा हात हातात घेतला. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "चूक माझी झाली बाबा. डॉक्टरबाय मला पानी पाज म्हनून सांगत होती. मीच आयकलं नाय, वर तुला उगा तिचंच नाव सांगितलं. ताई गेली तवापासून माझं डोकं ठिकानावर नव्हतं." काशिनाथने हात सोडवून घेतला. त्याची बायको दारात आली होती. तिने पाण्याचा तांब्या आमच्यासमोर ठेवला आणि आत निघून गेली.

परतताना रिक्षात मी त्यांना विचारलं, असं का सांगितलंत? ते बाहेर बघत होते. "लोकांनी तुझ्याकडं जनावरं आनायला पायजेत," म्हणाले. "माझ्याकडं किती दिवस आनतील? तू अजून पन्नास वर्सं हायस." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पानी पाजायला शीक. उद्या सकाळी ये."

मी गेले. रोज गेले. किती पाण्यात किती लीद, पाणी किती कोमट, जनावराची मान किती उचलायची, ठसका लागला तर काय, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. आधी दात बघायचे, ताप बघायचा, कुठल्या जनावराला हे मुळीच द्यायचं नाही, तेही शिकवलं. रागावले नाहीत. पण ताईचं नावही त्यांनी माझ्यासमोर पुन्हा काढलं नाही, आणि मी ते काढलं तर उठून बाळ्याकडे जायचे. काशिनाथने झाला प्रकार गावोगाव सांगितला होता. मास्तरांच्या दारात जनावर आणणं लोकांनी सोडलं. आणलंच तर माझ्यासाठी आणत, आणि मास्तर बाजूला उभे राहून नळी धुवून देत. रिक्षात त्यांचं ते बोलणं ऐकलं तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर हायसं वाटलं. ते मला आजवर खुपतंय.

थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला. पालघरच्या मोठ्या दवाखान्यात आठ दिवस होते, नवव्या दिवशी गेले. शिरगावच्या स्मशानात वीस-पंचवीस माणसं आली होती, त्यात घोडेवाले तिघेच. काशिनाथ आला होता. सगळं आटोपल्यावर माणसं पांगली, तसा तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"मानूस लाखातला होता," तो म्हणाला. "पन शेवटी शेवटी जनावराची माया राहिली नाय त्याला. तुमी सांगत होता ते आयकलं असतं, तर माझी घोडी आज उभी असती. खरं ना, डॉक्टरबाय?"

मी हो म्हणून मान हलवली.